डाव्या डोळ्यावरचा तळहात

एंटर दाबण्याआधी ताई डाव्या डोळ्यावर तळहात ठेवायच्या. नुसता ठेवायच्या नाहीत, गच्च दाबून धरायच्या, चष्म्याच्या दुकानात एक डोळा झाकून अक्षरं वाचायला लावतात तसा. मग उजव्या हाताने एंटर दाबायच्या, उघड्या डोळ्याने पडद्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "बघू, जगतंय का."

जगायचा तो प्रोग्रॅम. बाकीच्यांचे प्रोग्रॅम चालायचे किंवा अडायचे, ताईंचे मात्र जगायचे नाहीतर जायचे. नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. महापेच्या एमआयडीसीत खाली रबरी वॉशर बनवणारा कारखाना आणि वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. परदेशातल्या एका प्रकाशकासाठी आम्ही लहान मुलांचे कॉम्प्युटर गेम बनवत होतो. मी चित्रं काढायचे. कमर्शियल आर्ट शिकून साबणाच्या वेष्टनांऐवजी राक्षसांच्या भुवया चौकट-चौकट रंगवायला मिळत होत्या, म्हणून मी खूश होते. ताई आमच्यातल्या सगळ्यात सीनियर प्रोग्रॅमर. त्यांना सगळेच ताई म्हणायचे, कंपनी चालवणारे आमचे सरसुद्धा.

त्यांच्या डोळा झाकण्याची ऑफिसभर नक्कल व्हायची. चहा आला की कोणीतरी एक डोळा झाकून पहिला घोट घ्यायचं आणि म्हणायचं, "बघू, जगतोय का." ताईही हसायच्या. मला वाटायचं, हा त्यांचा शकुन असेल. आमच्या धंद्यात असले शकुन बरेच होते. एक जण तर कीबोर्डला हात लावण्याआधी चपला काढायचा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी जगातल्या बहुतेक गोष्टींना घाबरतात आणि तरी रोज वेळेवर कामाला येतात. ताई तशा होत्या. मॉनिटरवर त्यांनी हिरवट काच बसवून घेतली होती आणि उजेड इतका मंद ठेवला होता की त्यांच्या मागे उभं राहिलं तर काही दिसायचं नाही. कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा त्या कधी घ्यायच्या नाहीत. ठाणे-बेलापूर रोडवर सकाळचं ऊन झाडांच्या आणि खांबांच्या मधून खिडकीत उघडझाप करत यायचं, तेव्हा त्या डोळ्यावर हात घेऊन मान खाली घालायच्या. सीवूड्सपासून महापेपर्यंत झोपच काढायची तर लहान पोरीसारखं खिडकीला डोकं टेकून काढावी, असं मी त्यांना चिडवायचे. त्या म्हणायच्या, "तू बस गं खिडकीत. मला ऊन लागतं."

ताईंनी एक लायब्ररी लिहिली होती. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकं नव्हेत, हे मला त्यांनीच समजावलं. आमचा गेम तीन प्रकारच्या कॉम्प्युटरांवर चालायला हवा होता. एक जुना, काळ्या पडद्याचा. दुसरा नवा, खिडक्या उघडणारा. आणि तिसरा, जो तेव्हा आपल्याकडे डीटीपीवाल्यांच्या दुकानांतच बघायला मिळायचा. तिघांची तोंडं तीन दिशांना.

"तू चित्र काढतेस," ताई म्हणाल्या, "पण ते पडद्यावर ठेवायची रीत तिन्हीकडे वेगळी. प्रत्येकासाठी गेम नव्याने लिहायला बसलो तर म्हाताऱ्या होऊ आपण. म्हणून मध्ये ही लायब्ररी. गेमने तिला फक्त सांगायचं, चित्र ठेव, आवाज कर, थांब. खाली कोणाला कुठल्या भाषेत सांगायचं ते ती बघते."

"म्हणजे सोयच झाली की, ताई."

"सोय आहे म्हणून तर भीती वाटते. वरून सगळं सारखं दिसतं. खाली काय चाललंय ते दिसत नाही. इथे चाललं, तिथलं काय?"

इथे चाललं, तिथलं काय, हे त्यांचं दुसरं पालुपद. मी त्यावर कुरकुर करायचे, कारण त्या लायब्ररीपायी माझी चित्रं कापली जायची. मला राक्षसाच्या नाकातून आरपार दिसणारा धूर हवा होता. तिघांपैकी एकाला तो जमत नव्हता, म्हणून कोणालाच मिळाला नाही. घरात सासऱ्यांना तिखट चालत नाही म्हणून सगळ्यांनी फिकी आमटी जेवायची, तसला कारभार. पण मी एकदाच काढलेला माझा लठ्ठ राक्षस तिन्ही पडद्यांवर एकसारखा ढेकर देताना पाहिला तेव्हा मी ऑफिसात मोठ्याने टाळ्या वाजवल्या. आमच्यासारख्या मूठभर माणसांच्या ऑफिसला एरवी ते परवडलं नसतं.

तिसरा कॉम्प्युटर आमच्याकडे नव्हता. वाशीच्या एका डीटीपीच्या दुकानात होता. तिथे लग्नपत्रिका आणि वाढदिवसाची बॅनरं जुळवली जायची. दुकानाचे काका सरांच्या ओळखीचे. दुपारी त्यांचा डबा खाऊन जरा लवंडायचा वेळ असायचा, तेवढ्यात ते आम्हाला कॉम्प्युटर द्यायचे. ताई फ्लॉपींचा गठ्ठा घेऊन जायच्या आणि चित्रांचे रंग बघायला मी बरोबर.

त्या दुकानात एक ट्यूबलाइट होती, सतत लुकलुकणारी. ताई दारातच थबकायच्या.

"काका, तेवढा स्टार्टर बदला ना."

"उद्या बदलतो, मॅडम. आज चालवून घ्या."

काकांचा उद्या काही यायचा नाही. ताई आत यायच्या, हात डोळ्यावर, मान खाली, आणि जेमतेम काम करून उठायच्या. "उरलेलं पुढच्या वेळी," म्हणायच्या. मला राग यायचा. एका ट्यूबसाठी एवढं नाटक कशाला, असं एकदा मी काकांना म्हणालेही. त्यामुळे तिसऱ्या कॉम्प्युटरचा भाग कायम अर्धवट राहायचा. त्यातला एक तुकडा ताईंनी रिकामाच ठेवला होता, तो थांबण्याचा. एक चित्र दाखवल्यावर दुसरं दाखवण्याआधी किती दम धरायचा, हे लायब्ररीला त्या तुकड्याने सांगायचं. पण तो नीट लिहायला दुकानात बराच वेळ बसावं लागलं असतं. तुकडाच नसेल तर अख्खा गेम तयार होत नाही, तयार होताना अडून बसतो. म्हणून त्यांनी नाव लिहिलं, दोन महिरपी कंस काढले आणि मध्ये काही लिहिलं नाही. मग यंत्राची तक्रार राहिली नाही. गेमने सांगायचं थांब, लायब्ररीने म्हणायचं थांबले, आणि प्रत्यक्षात कोणी थांबायचं नाही. आत्तापुरतं असं करून ठेवायची त्या धंद्यात सगळ्यांनाच सवय होती. तोवर गेममध्ये थांबायचं काम फक्त पानं उलटताना यायचं. पान जरा झटकन उलटलं तर कोणाचं काय बिघडतं?

मग प्रकाशकाला शेवटच्या गुहेत विजा हव्या झाल्या. मी दोन चित्रं केली. एकात अख्खी गुहा पांढरीफटक, दुसऱ्यात काळी आणि लाल. पांढरं, थांब, काळं, थांब. ऑफिसात ती वीज छान संथ चमकायची, राक्षस दचकायचा, आणि आम्हीही. ताईंनी डोळा झाकून बघितली आणि म्हणाल्या, "अजून हळू कर." त्याप्रमाणे आम्ही ती आणखी हळू केली.

सीडी प्रकाशकाकडे जायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी वाशीला गेलो. आणि काय आश्चर्य, काकांनी ट्यूब बदलली होती! नवी कोरी, एकदम स्थिर. ताई दारात उभ्या राहून वर बघत राहिल्या. मग इतक्या हसल्या की काका गोंधळले. त्यांना पहिल्यांदाच त्या दुकानात मान वर करून जाताना मी पाहिलं.

गुहेपर्यंत खेळत जायला वेळ लागायचा, म्हणून ताईंनी एक चोरवाट ठेवली होती. एका हाताने एक बटण दाबून धरायचं आणि दुसऱ्याने माऊस दाबायचा. दोन्ही हात त्यात अडकायचे. मी पलीकडच्या टेबलावर काकांबरोबर गेमच्या खोक्याच्या छापील कव्हरचा रंग जुळवत होते.

खुर्ची पडल्याचा आवाज आला.

ताई जमिनीवर होत्या. जबडा आवळलेला, डोळे वर गेलेले, हात-पाय ताडताड आपटत होते. मी त्याआधी कधी असं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, त्या मरताहेत. मी ओरडले का, आठवत नाही. भिंतीवर, काकांच्या शर्टावर, ताईंच्या चेहऱ्यावर माझीच वीज पांढरी-काळी-पांढरी-काळी फडफडत होती, इतकी भराभर की दोन्ही रंग वेगळे दिसत नव्हते. काकांनी डब्यातला कांदा फोडून ताईंच्या नाकाशी धरला. मी त्यांच्या डोक्याखाली माझी पर्स सरकवली आणि किंचाळले, "काका, ते बंद करा आधी!" काकांनी भिंतीतली पिनच ओढली.

थोड्या वेळाने झटके थांबले. ताईंनी डोळे उघडले, पण मला ओळखायला त्यांना वेळ लागला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "घरी फोन केलात?"

"नाही, ताई."

"करू नका. कोणालाच करू नका."

दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी मला सांगितलं. शाळेत असल्यापासून त्यांना फिट यायची. दिवा, टीव्ही, ऊन, काहीही भराभर लुकलुकलं की. साताऱ्याच्या डॉक्टरांनी लहानपणीच शिकवलं होतं, लुकलुकणारं समोर आलं की एक डोळा पूर्ण झाकायचा, मग धोका कमी होतो. गोळ्या त्या व्हिटॅमिनच्या बाटलीत ठेवायच्या. नवऱ्याला ठाऊक होतं. तो तळोज्याच्या एका कारखान्यात शिफ्टला असायचा, अबोल माणूस, त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंना ठाऊक नव्हतं.

"आईने लग्नाआधी लपवलं गं. वकिलाकडे गेलं तर लग्न रद्द करता येतं म्हणे. सासूबाई तसं करतील असं नाही. पण रोज सकाळी कुकर लावताना वाटतं, करतील का?"

"मग हे असलं काम कशाला करता, ताई? दिवसभर पडद्यासमोर!"

"हेच तर चांगलं येतं मला," त्या म्हणाल्या. मग पुढे म्हणाल्या, "ते कंस मीच रिकामे ठेवले होते. ट्यूबला घाबरून. विजा घातल्या तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही, इथे त्या थांबणार नाहीत. मी पडले ते राहू दे. उद्या तिथे कोणाचं तरी पोर पडद्याला नाक लावून बसलं असेल. त्याला डोळा झाकायला कोण सांगणार?"

त्या क्षणापासून मी काढलेली वीज मला डोळे मिटले तरी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताई सरांच्या केबिनमध्ये गेल्या, मलाही बरोबर घेऊन. सर वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी प्रकाशकाला शब्द दिला होता, कुरियरवाला दुपारी येणार होता.

"थोडं फास्ट चमकतं, एवढंच ना?" सर म्हणाले. "मुलांना आवडेल उलट. पुढच्या व्हर्जनला करू की."

"नको, सर. जिथे थांबता येत नाही तिथे लायब्ररीने स्पष्ट सांगून गेम बंद करायला हवा. खोटं हो म्हणायला नको."

"क्लायंटसमोर आपला गेम आपणहून बंद? ताई, उगाच टेन्शन घेताय तुम्ही. लुकलुकण्याने कोणाला काय होतं?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. सांगू नका, सांगू नका, असं मी मनात म्हणत होते. समोर कुठला पडदा नव्हता, तरी त्यांचा हात डाव्या डोळ्याकडे गेला आणि अर्ध्यातून खाली आला.

"मला होतं, सर. मला फिट येते. काल त्या गुहेने मला खुर्चीवरून पाडलं."

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी फोन उचलला, प्रकाशकाला निरोप दिला आणि एक आठवडा मागून घेतला.

त्या आठवड्यात आम्ही रोज दुपारी वाशीला गेलो. थांबण्याचा तुकडा लिहायचा म्हणजे वीज पुन्हा पुन्हा चालवून बघायला हवी, आणि ताईंना कीबोर्डसाठी दोन्ही हात हवेत. पहिल्या दिवशी त्या खुर्चीवर बसल्या, पडद्याकडे न बघता मला म्हणाल्या, "तुझा हात दे."

मी मागे उभी राहिले आणि त्यांच्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"घट्ट. फट राहू देऊ नकोस."

त्या लिहीत होत्या. आवाज शांत, बोटं भराभर चालत होती, मध्येच काकांना पाणी मागत होत्या, माझ्या राक्षसाच्या ढेरीवर विनोदही करत होत्या. बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई अगदी मजेत आहेत. पण माझ्या तळहाताखाली त्यांची पापणी सारखी फडफडत होती. चिमणीचं पिल्लू मुठीत धरल्यावर लागतं तशी. त्या किती घाबरलेल्या होत्या, हे मला तेव्हा हाताला कळलं. बसमध्ये, ऑफिसात, प्रत्येक एंटरच्या वेळी ही अशीच फडफडत असणार, आणि आम्ही चहाच्या कपावर डोळा झाकून हसत होतो.

शेवटी एका दुपारी वीज संथ चमकली. पांढरी, मग दम धरून काळी, मग दम धरून पांढरी. ताईंनी लायब्ररीत आणखी एक गोष्ट घातली. पुढे कधी कुठल्या नव्या कॉम्प्युटरवर थांबायची सोय नसेल, तर तिने तोंडावर तसं सांगायचं आणि गेम पुढे जाऊ द्यायचा नाही. मी हात काढला तर त्यांनी तो धरून ठेवला, एकदा पुन्हा वीज चालवली आणि म्हणाल्या, "जगतंय." या वेळी त्यात बघू नव्हतं.

सीडी गेल्या. सरांनी ताईंना दोन दिवस घरी आराम करायला सांगितलं. त्याच दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले, हलक्या आवाजात, काहीतरी चांगलं केल्याच्या समाधानाने म्हणाले, "मी ताईंच्या घरी फोन केला होता. मिस्टर ड्यूटीवर होते, सासूबाई होत्या. त्यांना नीट सांगितलं, असा आजार आहे, जपा त्यांना, एकटं सोडू नका."

घरी फोन करू नका, हे ताईंनी फक्त मला सांगितलं होतं. सरांना काय बोलणार? त्यांनी काळजीनेच केलं होतं. आपल्या ऑफिसात यांना काही झालं तर, ही त्यांची भीती होती, आणि ती त्यांनी बिचाऱ्यांनी जिथे नको तिथे नेऊन ठेवली.

ताई पुन्हा आल्या नाहीत. मी वाट पाहून पाहून त्यांचा डबा आणि ती हिरवी काच पिशवीत घालून सीवूड्सला त्यांच्या सोसायटीत गेले. सासूबाईंनी दार अर्धंच उघडलं.

"ती म्हायेरी गेलीया. सातारला."

"कधी येणार?"

"आता काय सांगावं, बाई." त्यांनी पिशवी घेतली, पण दार लावलं नाही. माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांना खाष्ट समजून मनाची तयारी करून गेले होते, तर त्याच हलक्या आवाजात विचारू लागल्या. "तुमी हापिसातल्या ना? तुमी बघितलं व्हतं का तिला तसं? लई वंगाळ असतं का वो? पुढं लेकराबाळांस्नी हुतं का ते?"

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "आजी, एक डोळा झाकला की बरं असतं. तुम्ही जवळ असलात तर तेवढं करा." त्यांनी मान हलवली, समजल्यासारखी की न समजल्यासारखी ते कळलं नाही. जिन्यातून उतरताना दार लावल्याचा आवाज मी ऐकला.

त्यानंतर ताईंची काही बातमी आली नाही. साताऱ्याचा पत्ता कोणाकडे नव्हता. नवऱ्याने जागा सोडल्याचं पुढे बसमधल्या एकीकडून कळलं, दोघं बरोबर गेले की नाही ते तिलाही सांगता आलं नाही.

दोनेक वर्षांनी सरांनी परदेशातून तयार लायब्ररी विकत आणली. खोक्यावर लिहिलं होतं, एकदा लिहा, सगळीकडे चालवा. नवी माणसं खूश होती. पहिली चाचणी घ्यायला त्यांनी मला गंमत म्हणून एंटर दाबायला सांगितलं. मी खुर्चीवर बसले आणि माझा हात आपोआप डाव्या डोळ्यावर गेला. कोणीतरी हसलं. त्यांच्यापैकी कोणी ताईंना पाहिलं नव्हतं.

मी तळहात घट्ट दाबून धरला, फट राहू दिली नाही. तळहाताला माझी पापणी लागली. ती अगदी शांत होती. साताऱ्यात, नाहीतर जिथे कुठे ताई असतील तिथे, त्यांच्या डोळ्यावर हात ठेवायला आता कोण असेल, या भीतीने मला एंटर दाबवेना.